‘गेवाल्ट’ या शब्दाचे दोन अर्थ आणि पेट्रा केली यांचे राजकारण

पश्चिम जर्मनीतील हरित पक्षाने मार्च १९८० मध्ये झारब्र्युकेन येथे आपला पहिला कार्यक्रम संमत केला. त्यात पक्षाची चार अधिष्ठाने चार विशेषणांनी सांगितली आहेत : पर्यावरणनिष्ठ, सामाजिक, लोकाधारित लोकशाहीवादी आणि ‘गेवाल्टफ्राय’. यांपैकी शेवटच्या शब्दाचे भाषांतर आपण सहजच ‘अहिंसक’ असे करतो. हे भाषांतर चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. पक्षाच्या संस्थापकांपैकी सर्वाधिक प्रसिद्धी पावलेल्या पेट्रा केली यांच्या कारकीर्दीचा उलगडा करावयाचा, तर हे अपुरेपण कोठे आहे ते प्रथम पाहिले पाहिजे.

‘गेवाल्ट’ हे नाम ‘वाल्टेन’ म्हणजे शासन करणे, सत्ता चालविणे, या क्रियापदाशी संबद्ध आहे. त्याचा एक अर्थ हिंसा किंवा बळजबरी असा होतो. दुसरा अर्थ अधिकार, सत्ता असा. जर्मन संघराज्याच्या १९४९ च्या मूलभूत कायद्यातील विसाव्या कलमात राज्याची सर्व सत्ता लोकांपासून उद्भवते असे म्हटले आहे, तेथेही ‘श्टाट्सगेवाल्ट’ हाच शब्द योजिला आहे. मराठीत ‘हिंसा’ आणि ‘सत्ता’ हे दोन शब्द परस्परांपासून पूर्णतः वेगळे असल्यामुळे ही सांगड आपल्या कानांना जाणवत नाही. जर्मन भाषकाला मात्र हिंसेपासून मुक्त होण्याची भाषा बोलताना सत्तेचा प्रश्न टाळता येत नाही. हरित पक्षापुढे हाच प्रश्न पहिल्या दशकात उभा राहिला, आणि त्याची सर्वांत मोठी झळ केली यांना लागली.

पेट्रा केली यांचा जन्म २९ नोव्हेंबर १९४७ रोजी बव्हेरियातील ग्युन्झबुर्ग येथे झाला. बालपणी त्यांच्यावर आजीचा विशेष प्रभाव पडला. आईने पुढे अमेरिकन सैन्यातील एका अधिकाऱ्याशी विवाह केला व हे कुटुंब अमेरिकेस गेले. वॉशिंग्टन येथील अमेरिकन विद्यापीठात राज्यशास्त्राचे अध्ययन करीत असताना, १९६८ साली, त्यांनी ह्यूबर्ट हम्फ्री यांच्या अध्यक्षीय प्रचारात काम केले. मार्टिन ल्यूथर किंग यांची नागरी हक्कांची चळवळ व व्हिएतनाम युद्धाचा विरोध हे त्यांचे राजकीय शिक्षण होय. १९७० साली त्यांची धाकटी बहीण ग्रेस दहा वर्षांची असताना कर्करोगाने मरण पावली. तेव्हापासून किरणोत्सर्गाचा आणि आरोग्याचा संबंध हा त्यांच्या आस्थेचा विषय झाला. अणुऊर्जेला त्यांनी केलेल्या विरोधाची मुळे अशी घरापर्यंत पोहोचतात.

सत्तरच्या दशकात ब्रसेल्स येथे युरोपीय समुदायाच्या सेवेत असताना केली सामाजिक लोकशाहीवादी पक्षाच्या सभासद होत्या. परंतु चॅन्सेलर हेल्मुट श्मिट यांचे अणुविषयक धोरण मान्य नसल्याने १९७९ साली त्यांनी श्मिट यांना पत्र लिहून पक्षत्याग केला. त्याच वर्षी युरोपीय संसदेच्या निवडणुकीत हरितांच्या यादीवर त्यांचे नाव अग्रभागी होते. यादीला ३.२ टक्के मते मिळाली. पाच टक्क्यांच्या अटीमुळे जागा मिळाली नाही. पुढे जानेवारी १९८० मध्ये कार्ल्सरूए येथे पक्षाची रीतसर स्थापना झाली, आणि झारब्र्युकेन येथे निवडलेल्या तीन प्रवक्त्यांत केली होत्या.

हा पक्ष म्हणजे पक्षविरोधी पक्ष, हे वर्णन केली यांच्या नावाशी निगडित आहे. निवडून यावयाचे, परंतु सत्तेच्या साच्यात बसावयाचे नाही, असा त्याचा आशय होता. डिसेंबर १९७९ मध्ये नाटो संघटनेने युरोपात १०८ ‘पर्शिंग २’ व ४६४ ‘क्रूझ’ क्षेपणास्त्रे बसविण्याचा निर्णय घेतला होता. त्याविरुद्ध उसळलेल्या शांतता चळवळीच्या बळावर ६ मार्च १९८३ रोजी पक्षाला ५.६ टक्के मते मिळाली व त्याचे २७ प्रतिनिधी बुंडेस्टागमध्ये पोहोचले. पश्चिम बर्लिनचा प्रतिनिधी धरल्यास २८. त्याच वर्षी मे महिन्यात केली यांनी पूर्व बर्लिनमधील आलेक्झांडरप्लाट्झवर निदर्शने केली, आणि ऑक्टोबरमध्ये पूर्व जर्मनीचे प्रमुख एरिख होनेकर यांची भेट घेतली, तेव्हा त्यांच्या अंगावर तेथील स्वतंत्र शांतता चळवळीचे बोधचिन्ह होते. दोन्ही गटांच्या शस्त्रांना एकच मापदंड लावण्याचा हा आग्रह त्यांच्या अहिंसाविचाराचा गाभा होय.

येथे एक भेद ध्यानात घेण्यासारखा आहे. जर्मन शांततावादी वर्तुळांत ‘गेवाल्टलोस’ व ‘गेवाल्टफ्राय’ या शब्दांत फरक केला जाई : पहिला केवळ हिंसेचा अभाव दर्शवितो, दुसरा तिच्यापासून जाणीवपूर्वक घेतलेली मुक्ती. गांधीजींनी दुर्बळांचा प्रतिकार आणि सत्याग्रह यांत केलेला भेद आपल्याला येथे आठवतो. केली गांधीजींचा दाखला देत असत. मात्र एक महत्त्वाचे अंतर आहे. गांधीजींनी कोणतेही शासकीय पद स्वीकारले नाही, विधिमंडळात ते बसले नाहीत. केली यांनी मात्र सत्याग्रहाची भूमिका व लोकप्रतिनिधीचे आसन ही दोन्ही एकाच वेळी सांभाळण्याचा प्रयत्न केला.

पक्षाचा सत्तेविषयीचा संशय प्रथम त्यांच्यावरच उलटला. मुदतीच्या मध्यावर, म्हणजे दोन वर्षांनी, प्रतिनिधींनी राजीनामा देऊन यादीतील पुढील व्यक्तीस जागा द्यावी, असा आवर्तनाचा नियम होता. अधिकार एका हाती साचू नये हा त्याचा हेतू. १९८५ साली केली यांनी राजीनामा देण्यास नकार दिला. मूलभूत कायद्याच्या अडतिसाव्या कलमानुसार प्रतिनिधी कोणाच्याही आदेशाने बांधलेला नसल्यामुळे पक्षाला त्यांच्यावर सक्ती करता येईना. पक्षाला सत्तेपासून मुक्त राहावयाचे होते. केली यांना हाती घेतलेले काम तडीस न्यावयाचे होते. दोन्ही बाजू एकाच विशेषणाचा आधार घेत होत्या, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे पक्षानेच तो द्विवार्षिक नियम सोडून दिला. परंतु केली व त्यांचे सहकारी यांच्यातील दुरावा भरून निघाला नाही.

१९८७ साली पक्षास ८.३ टक्के मते मिळून त्या पुन्हा निवडून आल्या. एप्रिल १९८९ मध्ये बॉन येथे तिबेटविषयक सुनावणी घडवून आणण्यात त्यांचा पुढाकार होता. डिसेंबर १९९० मध्ये मात्र पश्चिम विभागात पक्ष ४.८ टक्क्यांवर अडला आणि त्यांचे संसदीय जीवन संपले. ऑक्टोबर १९९२ मध्ये बॉन येथील घरी त्यांचा व त्यांचे सहचर, माजी सेनानी गेर्ट बास्टियान, यांचा मृतदेह आढळला. बास्टियान यांनी निद्रिस्त केली यांच्यावर गोळी झाडून नंतर आत्महत्या केली, असा पोलीस तपासाचा निष्कर्ष निघाला. केली तेव्हा ४४ वर्षांच्या होत्या. या मृत्यूला त्यांच्या विचाराचे प्रतीक ठरविण्याचा मोह अनेकांना होतो, तो टाळावा. घरातील हिंसेचा तो प्रकार होता, आणि त्या नावानेच तो ओळखला जाणे उचित.

१९९८ साली हरित पक्ष संघशासनात सहभागी झाला आणि १९९९ साली, परराष्ट्रमंत्री योश्का फिशर यांच्या काळात, कोसोव्हो प्रकरणी लष्करी कारवाईस त्याने संमती दिली. सत्ता स्वीकारली की ‘गेवाल्ट’चा दुसरा अर्थही दारी येतो, हे त्या वेळी पक्षाला उघड्यावर स्वीकारावे लागले. ‘अहिंसक’ एवढ्याच शब्दाने केली यांचे वर्णन करणारा मराठी अभ्यासक हा अर्धा इतिहास गमावतो. राजकीय संज्ञांचे भाषांतर करताना मूळ भाषेत त्या शब्दाच्या शेजारी कोणते शब्द नांदतात, हे पाहण्याची सवय म्हणूनच इतिहासाच्या विद्यार्थ्यालाही लावून घ्यावी लागेल.