सुई, सोबती आणि एचआयव्ही: इंजेक्शनने नशा करणाऱ्यांसाठी मोफत सेवा व कायद्याचे संरक्षण

तुम्ही किंवा तुमच्या घरातील कोणी इंजेक्शनने नशा करत असेल, तर ही माहिती तुमच्यासाठी आहे. येथे सांगितलेल्या सेवा राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमांतर्गत विनामूल्य मिळतात. त्या घेण्यासाठी आधी नशा सोडलेली असली पाहिजे, अशी अट नाही.

धोका नेमका कुठे असतो?

सरकारी कागदपत्रांत ‘सुई सामायिक वापरणे’ असे शब्द असतात. प्रत्यक्षात सामायिक वापरायची म्हणून कोणी सुई घेत नाही. रात्री औषधाचे दुकान बंद असते, चौघांत मिळून एकच पुडी घेतलेली असते, खिशात सिरिंज सापडली तर पोलीस पकडतील ही भीती असते. मग एकाच सिरिंजवर भागवले जाते. ज्याच्यासोबत हे होते तो बहुधा रोजचा, भरवशाचा मित्र असतो, आणि म्हणूनच शंका येत नाही. पण तुमचा मित्र आणखी कोणासोबत बसतो, हे तुम्हाला ठाऊक असतेच असे नाही. त्या दुसऱ्या टोळक्यातला विषाणू त्याच्यामार्फत तुमच्यापर्यंत येऊ शकतो.

लागण झाल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत रक्तात विषाणूचे प्रमाण खूप जास्त असते. त्या काळात तपासणीत तो दिसेलच असे नाही, आणि माणूस ठणठणीत वाटतो. म्हणून एका गटात विषाणू शिरला की तो झपाट्याने पसरतो. मणिपूरमध्ये हे घडले आहे. तेथे १९८९ पर्यंत हेरॉईन टोचून घेणाऱ्यांच्या तपासण्यांत जवळपास कोणी बाधित आढळत नव्हते. त्यानंतर वर्षभराच्या आतच तपासलेल्यांपैकी सुमारे निम्मे बाधित निघाले. पुढे हा विषाणू त्यांच्या पत्नींपर्यंत पोहोचला. त्यांपैकी बहुतेकींनी कधी सुई हातातही घेतली नव्हती.

२०१७ मध्ये देशातील प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण सुमारे ०.२२ टक्के होते. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय पाहणीत इंजेक्शनने नशा करणाऱ्यांमध्ये ते ६.२६ टक्के आढळले.

एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. सुई प्रत्येकाची वेगळी असली, तरी पावडर विरघळवण्याचे झाकण किंवा चमचा, गाळण्याचा कापूस आणि पाणी एकच असेल तर धोका राहतोच. हिपॅटायटिस सी तर अशा सामानातून अधिक सहज पसरतो.

कोणत्या सेवा मिळतात?

लक्ष्यगट हस्तक्षेप प्रकल्प स्वयंसेवी संस्थांमार्फत चालवले जातात. तेथे नव्या सुया व सिरिंज, कंडोम, जखमांवर मलमपट्टी आणि समुपदेशन मिळते. वापरलेल्या सुया परत घेतल्या जातात. त्या कचऱ्यात किंवा नाल्यात टाकू नका. या प्रकल्पांत पीअर एज्युकेटर म्हणून काम करणारी व्यक्ती सहसा स्वतः त्याच अनुभवातून गेलेली असते. तुमचा एखादा सोबती केंद्रावर यायला तयार नसेल, तर त्याच्याविषयी पीअरशी बोला. त्याच्यासाठी सुया पोहोचवण्याची सोय होऊ शकते का, ते विचारा. गटातल्या एकाकडेच नवी सुई असून उपयोग नाही.

ओएसटी, म्हणजे पर्यायी औषधोपचार, ब्राऊन शुगर, हेरॉईन यांसारख्या अफूजन्य पदार्थांचे व्यसन असलेल्यांसाठी आहे. डॉक्टर तपासून बुप्रेनॉर्फिनची गोळी सुरू करतात. ती कर्मचाऱ्यांसमोर जिभेखाली ठेवायची असते. काही केंद्रांवर मेथाडोन दिले जाते. तलफ आणि अंगदुखी आटोक्यात राहते, त्यामुळे टोचण्याची गरज कमी होते. सुरुवातीला रोज केंद्रावर जावे लागते. मजुरीवर जाणाऱ्यांना हे जड जाते, म्हणून केंद्राची वेळ आधीच विचारून घ्या.

एचआयव्ही तपासणी सरकारी रुग्णालयांतील समुपदेशन व चाचणी केंद्रांत होते. टोचून घेत असाल तर दर सहा महिन्यांनी तपासणी करा. नुकतीच दुसऱ्याची सुई वापरली असेल आणि अहवाल निगेटिव्ह आला, तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. पॉझिटिव्ह आल्यास एआरटी औषधे लगेच आणि मोफत सुरू होतात. नियमित घेतल्यास रक्तातील विषाणू इतका कमी होतो की लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. सुईबाबत मात्र औषध सुरू असले तरी दुसऱ्याला आपली सुई देऊ नका. हिपॅटायटिस सीचे उपचारही २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत.

समुपदेशक सोबत्यांची नावे विचारतात. सांगावीत का?

अहवाल पॉझिटिव्ह आल्यास, तुम्ही कोणासोबत सुई वापरली हे समुपदेशक विचारतील. मित्राचे नाव देणे म्हणजे चुगली, असे अनेकांना वाटते. ही माहिती पोलिसांसाठी नसते. त्या व्यक्तीला तपासणीसाठी बोलावता यावे, एवढाच तिचा उपयोग. बोलावताना तुमचे नाव घेतले जाऊ नये, असे तुम्ही सांगू शकता. सांगायचे की नाही हे तुम्ही ठरवायचे आहे, पण लवकर ठरवा. तोही आज कोणासोबत तरी बसलेला असेल.

कायदा काय म्हणतो?

एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि अहवाल गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सुया देणे-घेणे किंवा ओएसटी घेणे हा गुन्हा नाही. हे संरक्षण सुईपुरते आहे, खिशातील पुडीला ते लागू होत नाही. अमली पदार्थांबाबतचा १९८५ चा कायदा वेगळा आहे. मात्र त्यातही, स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला अल्प प्रमाणाच्या प्रकरणात खटल्यापासून संरक्षण देणारे कलम ६४अ आहे. उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेतले जाऊ शकते.

तुमच्यावरही एक जबाबदारी येते. आपल्याला एचआयव्ही आहे हे माहीत असल्यास, लैंगिक जोडीदाराला आणि सुईच्या सोबत्याला लागण होऊ नये यासाठी वाजवी काळजी घेणे कायद्याने आवश्यक आहे.

संपर्क

एड्स हेल्पलाइन १०९७ (मोफत): जवळचे चाचणी केंद्र, ओएसटी किंवा एआरटी केंद्र येथे विचारा.
व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ (मोफत).
महाराष्ट्रातील रहिवाशांसाठी: निराधार व अल्प उत्पन्न असलेल्या एचआयव्हीबाधितांना संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी अर्ज करता येतो. अर्ज तहसील कार्यालयात मिळतो.