बिंबिकांची साठवण आणि गाळण्याची वेळ

रक्तस्राव थांबविणाऱ्या बिंबिका (प्लेटलेट्स) थंडीत साठविल्यास रुग्णाच्या शरीरात फार काळ टिकत नाहीत, हे १९६९ मध्ये मर्फी व गार्डनर यांनी दाखविले. पुढे त्या २० ते २४ अंश सेल्सिअस तापमानात, सतत हलवत ठेवण्याची पद्धत रूढ झाली. मात्र या उबेत पिशवीतील पांढऱ्या पेशीही जगतात आणि सायटोकाइन ही द्रव्ये स्रवतात.

बिंबिका चढविल्यावर रुग्णास येणाऱ्या थंडीतापाचा दोष पूर्वी प्रतिपिंडांना दिला जाई. कॅनडातील नॅन्सी हेडल व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये पिशवीतील पेशी व प्लाझ्मा वेगवेगळे चढवून पाहिले, तेव्हा प्रतिक्रिया प्लाझ्मामुळेच अधिक आल्या. रुग्णाच्या खाटेशी लावलेली गाळणी पेशी अडवी, पण साठवणीच्या दिवसांत प्लाझ्मात उतरलेल्या द्रव्यांना तोवर उशीर झालेला असे. म्हणून साठवणीपूर्वी गाळण्याचा आग्रह वाढला.

प्रतिपिंडांचा प्रश्नही खराच होता. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ‘ट्रॅप’ चाचणीत साध्या बिंबिका मिळालेल्या ४५ टक्के रक्तकर्करुग्णांत प्रतिपिंडे आढळली; गाळलेल्या वा अतिनील किरण दिलेल्या बिंबिका मिळालेल्यांत हे प्रमाण १७ ते २१ टक्के होते. प्रतिपिंडे तयार होऊन बिंबिका निरुपयोगी ठरण्याचे प्रमाणही १३ टक्क्यांवरून ३ ते ५ टक्क्यांवर आले.

ब्रिटनने १९९९ मध्ये सर्व रक्तघटक गाळण्यास आरंभ केला तो मात्र व्हीसीजेडी या मेंदूविकाराच्या भीतीने. गाळल्यानंतरही बिंबिका स्वतः काही द्रव्ये सोडतातच, त्यामुळे ताप पूर्णपणे टळत नाही. तरीही वारंवार बिंबिका घ्याव्या लागणाऱ्या रुग्णाला पुढची पिशवी उपयोगी पडेल की नाही, हे या गाळण्यावर बरेच अवलंबून असते.