सरकारी रान, मालकी रान आणि पारध

उल्हासनगरच्या चौथ्या कॅम्पांतून दक्षिणेस दृष्टि टाकली असतां इमारतींच्या फटींतून मलंगगडाचा सुळका दिसतो, आणि अंबरनाथ-बदलापूर मागें टाकून पुढें गेलें म्हणजे बारवीच्या खोऱ्याचें रान लागतें. या रानांत हौसेनें पारध करण्याची कायद्यानें आज कोणासही मोकळीक नाहीं. मग जमीन सरकारची असो वा सातबाऱ्याच्या उताऱ्यावर कोणा गृहस्थाचें नांव असो. परंतु ही समता फार अलीकडची आहे. त्यापूर्वीं सुमारें शंभर वर्षें या मुलखांत पारधीचा न्याय मुख्यतः एका प्रश्नावर ठरत असे: शिकाऱ्याचा पाय ज्या जमिनीवर होता ती कोणाची? सावज कोणतें, दिवस विणीचे कीं काय, मारणारा पोटासाठीं मारतो कीं हौसेसाठीं, हे प्रश्न मागाहून येत. बांधाच्या अलीकडे जी चोरी, तीच पलीकडे मर्दुमकी. ही रेघ कोणी ओढली व तिच्यामुळें कोणाचें काय झालें, हें थोडक्यांत वाचकांपुढें ठेवावें असा आमचा हेतु आहे.

सरकारी जमीन आणि मालकी जमीन यांतील अंतर या शहराच्या रहिवाशांस समजावून सांगावें लागत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत येथें लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित तिच्या बराकींत उतरले. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांनीं नव्या शहराची कोनशिला बसविली. आणि १९५४ चा निर्वासितांच्या भरपाईचा कायदा झाल्यावर बराकींतील खोली 'आपली' म्हणण्याचा मार्ग मोकळा झाला. भिंत तीच, छप्पर तेंच, पण कागद बदलला कीं राहणाऱ्याचा दर्जा बदलतो. रानाच्या बाबतींत याच मुलखांत तीन पिढ्या आधीं असेंच घडलें होतें. फरक इतकाच कीं तेथें ज्यांस कागद मिळाला नाहीं, त्यांस तो वाचतांही येत नव्हता.

आपल्या जुन्या धर्मशास्त्राचा या बाबतींतील विचार मोठा सुटसुटीत आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत एकाच श्लोकांत दोन मालकींचा निवाडा दिला आहे: ज्यानें खुंट काढून जमीन साफ केली त्याचें शेत, आणि ज्याचा बाण प्रथम लागला त्याचें हरीण. प्रसंग पुत्र कोणाचा हें ठरविण्याचा आहे. पारधीचा नियम तेथें केवळ दृष्टांत म्हणून आला आहे. परंतु दृष्टांत सर्वांस ठाऊक असलेल्या गोष्टीचाच देतात. शेताची मालकी श्रमानें येते, सावजाची नेमानें. एक दुसरीच्या पाठीवर बसून येत नाहीं. याचा अर्थ पूर्वीं रान सर्वांस मोकळें होतें असा मात्र कोणी करूं नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत अभय दिलेल्या वनांतील मृग-पक्षी मारणाऱ्यास जबर दंड सांगितला आहे, आणि अभय नसलेल्या सावजांतूनही सहावा भाग राजाचा धरला आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासांत तर मृगया हा राजाच्या विनोदांतील एक स्वतंत्र विषयच आहे. (त्याची राजधानी कल्याण होती हें खरें, पण तें आपलें कल्याण नव्हे, बिदरकडचें बसवकल्याण होय. नांवाच्या सारखेपणानें फसणारे पुष्कळ भेटतात, म्हणून सांगितलें.) तात्पर्य, राजा आपल्यासाठीं कांहीं रान राखी, पण राखलेल्या रानाबाहेरचें सावज केवळ जमीन कोणाच्या नांवावर आहे यावरून त्याचें होत नसे.

मराठी राज्यांत सरकारी रान व रयतेचें धन यांत भेद मुळींच नव्हता असेंही नाहीं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आरमारासाठीं लांकूड कसें आणावें याविषयींचा भाग प्रसिद्ध आहे. सागवान हुजूरच्या परवानगीनें रानांतून तोडावें, परंतु रयतेनें लेंकरासारखीं वाढविलेलीं आंब्या-फणसाचीं झाडें तिच्या राजीखुषीवांचून व मोल दिल्यावांचून तोडूं नयेत, असा त्याचा आशय आहे. म्हणजे येथेंही मालकीचा आधार श्रमच. रानकोंबड्यास कोणी लेंकरासारखें वाढविलेलें नसतें.

इंग्रजांची कल्पना याहून अगदीं निराळी होती, आणि ती त्यांच्या घरच्या इतिहासांतून आलेली होती. त्यांच्याकडे नॉर्मन राजांपासून 'फॉरेस्ट' या शब्दाचा अर्थच मुळीं राजाच्या शिकारीसाठीं राखलेला प्रदेश असा होता. १६७१ च्या कायद्यानें वार्षिक शंभर पौंड उत्पन्नाची कायम मालकीची जमीन नसलेल्या सामान्य माणसास स्वतःच्या शेतांतही शिकार करण्याची बंदी होती. १८३१ सालीं ही अट उठली. पण त्यानंतर शिकारीचा हक्क जमिनीस चिकटला तो चिकटलाच. १८६५ सालीं उमरावांच्या सभेनें एका खटल्यांत निकाल दिला कीं, परक्यानें जमिनींत घुसून मारलेलें सावजदेखील जमिनीच्या मालकाचेंच होय. मनूचा बाण येथें निरुपयोगी ठरतो. सावज मारणाऱ्याच्या हातांत, पण मालकी मातीची!

हा विचार इकडे १८७८ सालीं कायद्याच्या रूपानें उतरला. त्या एका वर्षांत सातवा कायदा जंगलांचा, नववा देशी भाषांतील वर्तमानपत्रांचा व अकरावा हत्यारांचा झाला; रान, लेखणी आणि बंदूक या तिघींचा बंदोबस्त लिटनसाहेबांनीं एका दमांत उरकला असें म्हणतां येईल. जंगलाच्या कायद्यानें राखीव रानांत नियमांविरुद्ध शिकार करणें, गोळी घालणें, मासे धरणें, पाण्यांत विष कालविणें व फांसे लावणें हे गुन्हे ठरविले. रान राखीव करण्यापूर्वीं हक्कदारांनीं निदान तीन महिन्यांच्या मुदतींत आपले दावे सांगावेत अशी तजवीज होती. वाट, चराई, वनोत्पन्न आणि पाण्याचा प्रवाह यांचे दावे कायद्यानें नांव घेऊन मोजले; पारधीचा हक्क असा त्यांत वेगळा मोजलेला नाहीं. पुढें १९२७ च्या कायद्यांत वनोत्पन्नाच्या व्याख्येंत रानांतून आणलेलीं रानटी जनावरेंही बसविलीं आहेत. पळस-सागाच्या पानांच्या रांगेंत रानकोंबडाही जाऊन बसला.

हत्यारांच्या कायद्यानें देशी माणसास बंदुकीसाठीं परवाना लागूं लागला, व युरोपियनांस त्यांतून सूट मिळाली. दोन्ही कायदे एकत्र वाचले म्हणजे चित्र पुरें होतें. साहेब परवानगीचा कागद घेऊन राखीव रानांत हाका घालवी. रान उठविणारे हाकारे बहुधा ठाकूर आणि कातकरी असत. तेच ठाकूर-कातकरी दुसऱ्या दिवशीं त्याच जाळींत सशासाठीं फांसा लावतील तर गुन्हेगार.

ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत या कायद्याविरुद्ध इतकी ओरड झाली कीं, १८८५ सालीं मुंबई सरकारास चौकशीसाठीं एक कमिशन नेमावें लागलें. त्याचा अहवाल १८८७ सालीं बाहेर पडला. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत जंगलखात्यावर कोरडे ओढले होते, तेही याच काळांत. परंतु हा गवगवा मुख्यतः राबासाठीं लागणारा पाला-तहाळ, गुरांची चराई आणि घरच्या लांकडाचा होता. भातशेती असलेल्या कुणबी-आगऱ्यास राबावांचून गति नाहीं, म्हणून भातशेताबरोबर वरकस जमीन जोडलेली असे. तिच्यासाठीं भांडण्यास त्याच्यापाशीं निदान खातें होतें. कातकऱ्यापाशीं खातें नव्हतें. खैराचा कात काढणें, ससा-उंदीर-घोरपड धरणें, गलोलीनें वा बाणानें पांखरूं पाडणें, हेंच त्याचें शेत. राखीव रानानें प्रथम खैर गेला, मग सावज गेलें. त्याच्या वतीनें बोलावयाचें तर कोणत्या जमिनीच्या नांवानें बोलावें, असा प्रश्न अर्ज लिहिणाऱ्यासही पडला असता.

आतां मालकी रानाकडे वळूं. येथें कायद्यानें डोळे मिटले होते असें आमचें मत आहे. जंगलाच्या कायद्यांत खासगी रानांवर ताबा ठेवण्याचें एक प्रकरण आहे खरें. परंतु जमीन फोडणें, गुरें चारणें, आग लावणें यांवर तें निर्बंध घालतें, व हेतु सांगतें ते वादळ, पूर, दरडी, मातीची धूप आणि पाण्याचा सांठा यांचे. सावजाचें नांव त्यांत नाहीं. १८८७ चा रानपक्ष्यांचा कायदा तर नगरपालिका व छावण्या यांच्या हद्दीपुरताच होता. कल्याणसारख्या गांवच्या बाजारांत विणीच्या दिवसांत ताजें मारलेलें पांखरूं विकण्यास त्या अन्वयें बंदी करतां येई. तेंच पांखरूं वेशीबाहेर मारण्यास नव्हे. म्हणून ज्याच्या नांवावर डोंगरउतार आणि ज्याच्या खुंटीवर परवान्याची ठासणीची बंदूक, त्यास बाराही महिने मोकळीक राहिली.

रानकोंबड्यास मात्र ही रेघ ठाऊक नव्हती. सह्याद्रीच्या उतारांवरचा हा करड्या रंगाचा पक्षी जाळींत जमिनीवरच घरटें करतो, दिवसभर झुडपांत दडतो आणि पहाटे व दिवस मावळतांना रानाच्या कडेस उघड्यावर दाणे टिपावयास येतो. म्हणजे बहुधा त्याचें घर सरकारी आणि ताट मालकी. राखीव रानांत त्याचीं अंडीं कायद्यानें सांभाळावीं आणि शेताच्या बांधावर त्याच कोंबड्यास गोळी घालावी, अशा व्यवस्थेस रक्षण म्हणणें आम्हांस अवघड वाटतें. १९१२ च्या कायद्यानें पहिल्यानें ही चूक ओळखली. त्यानें रानकोंबडे, मोर, तित्तर, लावे, तसेंच हरणें, ससे इत्यादिकांची यादी केली व त्यांच्यासाठीं बंदीचा हंगाम ठरविण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस दिला. जमिनीऐवजीं ऋतु हें माप झालें. मात्र जीव व मालमत्ता वांचविण्यासाठीं मारलेलें सावज त्यांतून वगळलें होतें. आणि मालमत्ता वांचविण्याची सबब सांगण्यास आधीं मालमत्ता लागते.

येथें अमेरिकेंतील रानटर्कीचें उदाहरण उपयोगी पडेल, कारण सार्वजनिक रान व खासगी रान यांचा वाद तेथील शिकाऱ्यांत आजही चालतो. तेथें सावज जमिनीच्या मालकाचें ही इंग्रजी समजूत टिकली नाहीं. १८९६ सालीं त्यांच्या वरिष्ठ न्यायालयानें सावज संस्थानाकडे सर्व प्रजेची ठेव म्हणून असतें असें मानलें. १९७९ सालीं हा निकाल फिरला, तरी ठेवीची कल्पना लोकांच्या मनांतून गेली नाहीं. खासगी कुरणांत शिरण्यास मालकाची परवानगी लागते, पण पक्षी मालकाचा होत नाहीं. हंगाम व संख्या दोन्हीकडे संस्थानच ठरवितें. विसाव्या शतकाच्या आरंभीं ही टर्की अनेक संस्थानांतून नाहींशी झाली होती. १९३७ च्या कायद्यानें बंदुका व काडतुसांवरचा कर वन्य जीवांच्या पुनर्वसनाकडे वळविला, आणि पुढें टर्की धरून नव्या रानांत सोडण्याचें काम इतकें यशस्वी झालें कीं आज तिची शिकार पुन्हां सर्वत्र चालते. तेथें कर भरणारा शिकारी म्हणजे बंदूक विकत घेणारा शिकारी होय. फांसा लावणाऱ्याचा हिशोब तेथेंही कोणी ठेवलेला दिसत नाहीं.

आपल्याकडे शेवट निराळा झाला. १९५१ चा मुंबई राज्याचा कायदा, मग १९७२ चा सर्व देशासाठीं वन्य जीवांचा कायदा. या दुसऱ्यांत आरंभीं मोठ्या व लहान शिकारीचे परवाने होते. १९९१ च्या दुरुस्तीनें तेही गेले. दरम्यान १९७५ च्या कायद्यानें ३० ऑगस्ट रोजीं महाराष्ट्रांतील खासगी वनेंच सरकारजमा झालीं. त्यांतून उठलेला, जुन्या नोटिसांवर किती विसंबावें हा वाद २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयांत गोदरेज कंपनीच्या खटल्यांत मिटला. घरें व जमिनींच्या किंमती हें त्या खटल्याचें मर्म. रानकोंबडा त्यांत कोठेंच नव्हता.

रेघ पुसली खरी, पण पुरती नव्हे. १९७२ च्या कायद्याच्या अकराव्या कलमान्वयें उभें पीक नासणारें जनावर, तें पहिल्या परिशिष्टांतील नसल्यास, मारण्याची परवानगी अधिकाऱ्यास देतां येते. रानडुकरांनीं भात उकरलेल्या शेतकऱ्यास त्यामुळें निदान अर्ज करण्यास दार आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानें आदिवासींचे पिढीजात हक्क मान्य केले, कंद-मध-डिंक मान्य केले, आणि पारंपरिक हक्कांतून शिकार व फांसेपारध तेवढी शब्दशः वगळली. आमच्या मतें पक्ष्यांची आजची स्थिति पाहतां तें वगळणें योग्यच होतें. परंतु ज्याचें सावज गेलें त्यास त्याबद्दल १८७८ सालींही कांहीं मिळालें नाहीं व २००६ सालींही नाहीं. महाराष्ट्रांत विशेष असुरक्षित म्हणून गणलेल्या तीन आदिवासी जमातींत कातकरी एक आहेत. पावसाळा संपला कीं त्यांचीं कुटुंबें अजूनही वीटभट्ट्यांच्या कामास जातात, आणि आगोटीच्या सुमारास परततात.