उत्तेजनार्थ

आमच्या घराण्यात आजवर एकच बक्षीस आलेलं आहे आणि ते मला मिळालेलं आहे. १९७८ साली एका एकांकिका स्पर्धेत मी हवालदाराचं काम केलं होतं. भूमिका तीन वाक्यांची. त्यातलं एक मी विसरलो. उरलेल्या दोन वाक्यांना 'अभिनय – उत्तेजनार्थ' मिळालं. प्रशस्तिपत्रकावर माझं आडनाव चुकलेलं आहे, त्यामुळे कायद्याने ते बक्षीस दुसऱ्याच कुणाचं असण्याचा संभव आहे. पण ते आमच्या बाहेरच्या खोलीत दत्ताच्या तसबिरीशेजारी टांगलेलं आहे आणि उदबत्तीचा धूर दोघांनाही सारखाच मिळतो.

म्हणूनच की काय, पुतण्या बापाकडे न जाता माझ्याकडे आला.

"काका, साडेचार हजार रुपये हवेत."

"कशाला?"

"बक्षिसाला."

बक्षिसात पैसे मिळतात एवढं मी ऐकून होतो. बक्षिसासाठी भरावे लागतात, हे नवीन होतं. पुतण्याने मोबाइलवर एक वेब सीरीज काढलेली आहे. नऊ-नऊ मिनिटांचे सहा भाग. विषय : सोसायटीत पाण्याच्या टँकरची वाट पाहणे. (सेक्रेटरीची भूमिका मी केली आहे. वाक्यं चार. एकही विसरलो नाही!) सगळं गच्चीवर, मित्रांच्या जिवावर आणि आईच्या पोह्यांवर झालं. आता ती परदेशातल्या कुठल्याशा पुरस्काराला पाठवायची होती. इकडे दादाने सांगून ठेवलेलं : "जूनपर्यंत काही झालं नाही तर मुकाट्याने ओळखीच्या कंपनीत चिकटायचं." आणि तो मे महिना होता.

मी दोन दिवसांची मुदत मागितली. पैशाचा प्रश्न आला की मी इतिहासात शिरतो. तिथे वसुलीला कुणी येत नाही.

या बक्षिसांचा इतिहास फार जुना नाही. माझ्या चष्म्यापेक्षा धाकटाच आहे. इंटरनेटवरच्या कामाला शाबासकी देणारे वेबी पुरस्कार अमेरिकेत १९९६ साली निघाले. त्यांचा एक नियम मला फार आवडला : आभाराचं भाषण पाच शब्दांत. २००५ साली अल गोर यांना तिथे मान मिळाला. २००० सालची अध्यक्षपदाची निवडणूक फेरमोजणीच्या घोळात हरलेला हा माणूस उठला आणि म्हणाला, "कृपया पुन्हा मतमोजणी करू नका." मराठीतसुद्धा पाचच होतात, मी मोजले. आपल्याकडे "मी फार वेळ घेणार नाही" एवढ्यातच पाच शब्द संपतात आणि मग खरं भाषण सुरू होतं.

पुढे २००७ साली फेलिशिया डे नावाच्या अभिनेत्रीने 'द गिल्ड' ही छोट्या-छोट्या भागांची मालिका काढली. संगणकावर खेळ खेळणाऱ्या रिकामटेकड्यांची गोष्ट. पहिले काही भाग झाल्यावर पैसे संपले, तेव्हा प्रेक्षकांनी वर्गणी पाठवली. म्हणजे आपल्या गणेशोत्सवासारखंच, फक्त पावतीपुस्तक घेऊन कुणी दारात उभं नव्हतं. त्याच हिवाळ्यात हॉलिवूडच्या लेखकांचा संप झाला. बसून काय करायचं, म्हणून जॉस व्हीडन यांनी पदरचे पैसे घालून 'डॉक्टर हॉरिबल'ची तीन भागांची संगीतिका केली आणि २००८ साली इंटरनेटवर सोडली. मार्च २००९ मध्ये लॉस एंजेलिसला पहिले स्ट्रीमी पुरस्कार वाटले गेले, त्यात या दोघांनाही बक्षिसं मिळाली. त्याच वर्षी 'हॉरिबल'ला एमीसुद्धा मिळालं. घरगुती लोणच्याला सरकारी शिक्का लागावा, तसं झालं.

आता सगळं छान चालणार, असं वाटलं की ओळखावं, पुढचं वर्ष वाईट आहे. २०१० च्या समारंभात यंत्रं बिघडली, विनोद घसरले आणि आयोजकांना माफी मागावी लागली. पुढची दोन वर्षं समारंभच नाही. स्ट्रीमी परत आले ते २०१३ साली. आमच्या स्पर्धेत फक्त पडदा अडकला होता, तरी त्यावर वर्षभर चर्चा झाली होती!

२०१६ साली एमीवाल्यांनी लघुमालिकांसाठी स्वतंत्र पानं मांडली. अट अशी की किमान सहा भाग हवेत आणि सरासरी पंधरा मिनिटांच्या आत. (आमचं गणित बसत होतं!) पहिल्याच वर्षी अभिनेत्रीचं बक्षीस 'अ‍ॅक्टिंग डेड' या वेबवरच्या मालिकेसाठी पॅट्रिका डार्बो यांना मिळालं. मला भरून आलं. पण २०१७ साली मालिकेचं बक्षीस गेलं कुणाला? 'बेटर कॉल सॉल' या बड्या मालिकेच्या पोटात जे तळलेल्या कोंबडीचं हॉटेल आहे, त्यातल्या नोकरांच्या प्रशिक्षणाच्या लुटुपुटीच्या फिल्म्सना! म्हणजे गरिबांची पंगत मांडायची आणि पहिल्या पाटावर शेठजींचा जावई बसवायचा.

आपल्याकडेही फार वेगळं नाही. गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात २०२३ साली वेब सीरीजचं बक्षीस सुरू झालं. रक्कम दहा लाख. पहिलं 'पंचायत'च्या दुसऱ्या पर्वाला, २०२४ चं आपल्या 'लंपन'ला. दोन्ही गुणी, दोन्ही मोठ्या कंपन्यांच्या पडद्यावरच्या. पण 'लंपन'चे दिग्दर्शक निपुण धर्माधिकारी म्हणजे २०१६ साली अमेय वाघबरोबर यूट्यूबवर पाहुण्यांची फिरकी घेणारेच ना! तेव्हा छोटं पान आणि मोठी पंगत यांच्यात वाट असते, एवढं कळलं.

दुसऱ्या दिवशी दादा आला. त्याचा मुद्दा एकच : "पैसे भरून मिळतं ते बक्षीस कसलं? ती तर पावती!"

दादाचं बोलणं पटलं, की मला नेहमी राग येतो. पण मला एकदम पुण्याचा पुरुषोत्तम करंडक आठवला. १९६३ पासून चालत आलेली स्पर्धा. २०२२ साली परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. केवढी आरडाओरड झाली! मुलांचं वाईट मला आजही वाटतं. पण नाही म्हणू शकतो त्याच्याच हो म्हणण्याला किंमत असते, हे मात्र खरं. भरायचे पैसे तपासणाऱ्याच्या मेहनतीचे असतील तर ती फी. निकालाचे असतील तर ती पावती.

पुतण्याला बोलावलं. "तुझ्या त्या पुरस्कारात कुणाला नाही म्हणतात का रे?"

त्याने मोबाइलवर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्या पुरस्कारात इतके विभाग होते की 'उत्कृष्ट गच्ची' तेवढा राहिला होता. आणि जिंकल्यावर बाहुलीचे पैसे वेगळे.

"नाही म्हणत नाहीत, काका," तो हळूच म्हणाला.

"मग नाही म्हणणारं एखादं शोध."

त्याने शोधलं. फी बाराशे रुपये. मी दिले. उरलेल्यात दोघांनी मिसळ खाल्ली, ती दादाला कळू दिली नाही.

जूनच्या शेवटी निकाल आला. बक्षीस नाही. पण 'निवड झालेल्या मालिका' या यादीत नाव होतं आणि खाली परीक्षकाचा अडीच ओळींचा अभिप्राय : तिसरा भाग लांबला आहे, सेक्रेटरी मात्र खरा वाटतो. कुणीतरी अनोळखी माणसाने साती दिवस सोडून आमचा टँकर पाहिला होता, पूर्ण पाहिला होता! पुतण्या ते वाक्य रात्री दहा वेळा वाचत होता. मीही वाचलं. (दुसरं वाक्य.)

दादा काही बोलला नाही. मुलाच्या हातातला कागद घेऊन चष्मा वर करून त्याने तो दोनदा पाहिला. मग म्हणाला, "कंपनीवाल्याला दिवाळीनंतर भेटू म्हणून सांगतो." आणि खिळा शोधायला आत गेला.

आता दत्ताच्या दोन्ही बाजूंना चौकटी आहेत. या नव्या कागदावर आमचं आडनाव बरोबर छापलंय. तेव्हा हा मान आमच्याच घरातला आहे, याबद्दल कायद्यालाही शंका घेता येणार नाही.