डीसी मोटारीसाठी वीजपुरवठा कसा निवडावा?

मुळशी तालुक्यातील मारुंजी-हिंजवडी परिसरात अभियांत्रिकी शिक्षण घेणारे विद्यार्थी मोठ्या संख्येने आहेत. तेथून काही किलोमीटरवरील बालेवाडी क्रीडानगरीत ३१ ऑगस्ट २००८ रोजी आशिया-प्रशांत विभागाची ‘रोबोकॉन’ ही यंत्रमानवांची स्पर्धा झाली. तिचा विषय दहीहंडीवर बेतलेला होता. स्पर्धेतील किंवा अभ्यासक्रमाच्या प्रकल्पातील अशी यंत्रे बहुधा ब्रश असलेल्या डीसी मोटारींवर चालतात. मोटार उत्तम असूनही यंत्र ऐनवेळी थांबते, तेव्हा दोष अनेकदा वीजपुरवठ्याच्या निवडीत असतो.

विद्युतदाब

मोटारीवर नोंदविलेलाच दाब द्यावा. दाब वाढविल्यास वेग वाढतो. परंतु ठिणग्या वाढून ब्रश व कम्युटेटर लवकर झिजतात. दाब कमी पडल्यास मोटार भाराखाली अडकून तापते.

विद्युतप्रवाह

खरी गफलत येथे होते. फिरणारी मोटार स्वतःही विरुद्ध दिशेचा दाब निर्माण करते व त्यामुळे प्रवाह मर्यादित राहतो. सुरू होण्याच्या क्षणी हा दाब शून्य असतो. समजा, मोटार १२ व्होल्टची असून आर्मेचरचा रोध ०.५ ओहम आहे. फिरताना विरुद्ध दाब १०.५ व्होल्ट असल्यास प्रवाह केवळ ३ अँपिअर असतो. सुरू होताना किंवा अडकल्यास मात्र तो २४ अँपिअरपर्यंत जातो. अडकलेल्या अवस्थेत आर्मेचरमध्ये २८८ वॅट उष्णता निर्माण होते व वेटोळे अल्पावधीत जळू शकते. पुरवठा निवडताना हा मोठा आकडाच विचारात घ्यावा.

तो मोटारीवर लिहिलेला नसल्यास मल्टिमीटरने दोन टोकांमधील रोध मोजावा. दांडा थोडा थोडा फिरवून अनेक वाचने घ्यावीत आणि सर्वांत कमी रोधाने दाबास भागावे.

एसएमपीएस की बॅटरी?

वरील मोटारीस ५ अँपिअरचा एसएमपीएस जोडल्यास त्याची संरक्षक यंत्रणा पुरवठा तोडते व मोटार नुसते झटके देत राहते. यावर दोन उपाय आहेत. एक, अधिक क्षमतेचा एसएमपीएस घेणे. दुसरा, प्रवाहावर मर्यादा घालणारा नियंत्रक वापरणे. दुसऱ्या उपायात आरंभीचा जोरही कमी होतो, हे ध्यानात ठेवावे.

बॅटरी क्षणिक मोठा प्रवाह सहज पुरविते. मात्र शॉर्टसर्किट झाल्यास हाच गुण घातक ठरतो. लिथियम पॉलिमर बॅटरी तर पेटही घेऊ शकते. म्हणून धन टोकाजवळच फ्यूज बसविणे अनिवार्य समजावे. तो आरंभीचा क्षणिक प्रवाह सोसणारा, संथ वितळणारा असावा.

वेग कमी करताना मोटार जनित्राप्रमाणे वागते. नियंत्रक ही ऊर्जा परत पाठवीत असल्यास बॅटरी ती सामावून घेते. सर्वसाधारण एसएमपीएसला ते जमत नाही. दाब चढून तो बंद पडतो किंवा नियंत्रक निकामी होतो.

पूरक दक्षता

ब्रशच्या ठिणग्यांमुळे मायक्रोकंट्रोलर गोंधळतो. मोटारीच्या टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर जोडावा व मायक्रोकंट्रोलरला स्वतंत्र पुरवठा द्यावा. दोहोंचा ग्राउंड मात्र समाईक ठेवावा. तार बारीक असल्यास सुरुवातीचा दाब तारेतच खर्च होतो.

पुण्याच्या बुधवार पेठेत हे साहित्य मिळते. खरेदीस निघण्यापूर्वी दाब, चालू प्रवाह व अडकलेल्या अवस्थेतील प्रवाह हे तीन आकडे कागदावर मांडलेले असावेत.