चिबोक
चिबोक : ईशान्य नायजेरियातील बोर्नो राज्यातले गाव. १४ एप्रिल २०१४ च्या रात्री बोको हराम या अतिरेकी संघटनेने तिथल्या सरकारी शाळेतून २७६ मुली पळवून नेल्या. ५७ जणी लवकरच निसटल्या. एडना ओब्रायन यांची ‘गर्ल’ (२०१९) ही कादंबरी या घटनेवरून सुचलेली, पण ती चिबोकची बखर नव्हे. निवेदन करणारी मरियम काल्पनिक आहे. कैदेइतकाच भर सुटून आलेल्या मुलीकडे आप्तांनी फिरवलेल्या पाठीवर आहे, आणि कादंबरीचा खरा कस तिथेच लागतो. अमृता प्रीतम यांच्या ‘पिंजर’मधील पुरोलाही आईवडील दारातून परत पाठवतात. तिचे अपहरण मात्र घराण्यांच्या जुन्या वैरातून, फाळणीच्या बऱ्याच आधी झालेले.