वैरणीच्या कसाची प्रकाशपरीक्षा

वाळवून दळलेल्या वैरणीवर निकट अवरक्त प्रकाश पाडायचा, परतलेला प्रकाश मोजायचा आणि त्यावरून तिच्यातली प्रथिने, तंतू व पचनीयता सांगायची, ही पद्धत अमेरिकेच्या कृषी खात्यात जन्मली. नॉरिस, बार्न्स, मूर आणि शेंक या चौघांचा त्यावरचा शोधनिबंध १९७६ साली प्रसिद्ध झाला. पद्धतीची मुळे मात्र चाऱ्यात नाहीत. ती अंडी आणि धान्य यांच्या तपासणीत आहेत.

त्याआधी वैरणीचा कस रसायनांनीच काढावा लागे. डेन्मार्कच्या केल्डाल यांनी १८८३ साली घालून दिलेल्या रीतीने नमुना तीव्र गंधकाम्लात उकळायचा आणि त्यातल्या नायट्रोजनवरून प्रथिनांचा हिशेब करायचा. तंतूंसाठी पीटर व्हॅन सोस्ट यांनी १९६० च्या दशकात डिटर्जंटच्या द्रावणात वैरण उकळण्याची पद्धत बसवली. पचनीयतेची तऱ्हा सर्वांत किचकट. टिली आणि टेरी यांच्या १९६३ च्या पद्धतीत चाऱ्याची भुकटी दोन दिवस मेंढीच्या पोटातल्या रसात आणि पुढे दोन दिवस पेप्सिन घातलेल्या आम्लात मुरवावी लागे. गोठ्यातल्या जनावराला रोज चारा घालावाच लागतो; निकालासाठी ते थांबू शकत नाही.

तांबड्या रंगापलीकडे न दिसणारे किरण असतात, हे विल्यम हर्शेल यांनी १८०० सालीच तापमापक वापरून दाखवले होते. तरीही त्यांतला दृश्य प्रकाशाला लागून असलेला पट्टा रसायनशास्त्रज्ञांनी दीर्घकाळ उपेक्षित ठेवला. तिथे पाणी, प्रथिने, स्निग्धांश या सर्वांच्या खुणा एकमेकींवर चढलेल्या असतात आणि एकही सुटी वाचता येत नाही.

मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिल येथील कृषी संशोधन केंद्रात कार्ल नॉरिस हे कृषी अभियंता होते. अंडी न फोडता प्रकाशाने पारखण्याचे काम करून ते धान्यातल्या ओलाव्याकडे वळले. पाणी १९४० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश जोरकस शोषते, पण इतर घटक मध्ये येतात. नॉरिस यांनी ही गुंतागुंत सोडवण्याचा हट्ट धरला नाही. अनेक तरंगलांबींवर मोजमाप घ्यायचे, त्याच नमुन्यांचे रासायनिक निकाल शेजारी ठेवायचे आणि दोहोंतला संबंध संगणकाकडून काढून घ्यायचा, हा मार्ग त्यांनी पत्करला. या इतिहासातले खरे धाडस हेच. उपकरणापेक्षा ही दृष्टी मोलाची होती.

वैरणीच्या बाबतीत मोजमाप साधारण ११०० ते २५०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात होते. ऑक्सिजन, नायट्रोजन आणि कार्बन यांचे हायड्रोजनशी असलेले बंध या प्रकाशाने कंप पावतात आणि आपापला वाटा शोषून घेतात. नमुना एक मिलिमीटरच्या चाळणीतून दळून वाटीत दाबून भरला, की मिनिटाभरात आलेख उमटतो. तो आलेख आपण होऊन काही सांगत नाही. आधी रसायनांनी तपासलेल्या शेकडो नमुन्यांशी जुळवलेले समीकरण हवे, आणि तेही त्याच जातीच्या चाऱ्याचे. लसूणघासावर बेतलेले समीकरण मक्याच्या मुरघासाला लावले तर आकडा येतो, पण तो विश्वासार्ह नसतो. खनिजे हा प्रकाश स्वतः शोषत नाहीत, म्हणून त्यांचे अंदाज कच्चेच राहतात.

१९७६ नंतर प्रसार झपाट्याने झाला. पेनसिल्व्हेनियात शेंक आणि सहकाऱ्यांनी १९७८ च्या सुमारास हे उपकरण गाडीत बसवून शेतांवर आणि गवताच्या लिलावांत नेले. बोली लागण्याआधी प्रथिनांचा आकडा खरेदीदाराच्या हाती पडू लागला. पुढे मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनमध्येही अशा गाड्या फिरल्या. निरनिराळ्या प्रयोगशाळांचे आकडे जुळावेत म्हणून कृषी खात्याने त्यांचे जाळे उभारले आणि १९८५ साली पद्धतीची हस्तपुस्तिका काढली. १९९० च्या दशकात टेक्सासमध्ये उलट्या बाजूनेही प्रयोग झाले. कुरणात मोकळ्या चरणाऱ्या गुरांनी नेमके काय खाल्ले हे कळत नाही, म्हणून शेणाचा आलेख घेऊन आहाराचा कस ठरवला गेला.

दख्खनच्या पठारावर ही पद्धत कडब्यापर्यंत पोचली. ज्वारीचे वाण इथे दाण्याइतकेच कडब्यावरून पारखले जातात. हैदराबादजवळच्या पटनचेरू येथे आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कडब्यासाठी समीकरणे बांधली. हैदराबादच्या चारा बाजारात अधिक पचनीय कडब्याला अधिक भाव मिळतो, असेही त्यांच्या पाहणीत दिसले. एकेका वाणाचा कडबा रसायनांनी तपासणे पैदासकारांना परवडत नव्हते. आता दाण्याच्या उताऱ्यासोबत कडब्याचा कसही निवडीच्या वेळीच पाहता येतो.